आठळ्यांचं पीठ आणि गिरणीची अडवणूक

फणसाच्या आठळ्यांचं पीठ करताना सोलणं, चिरणं, वाळवणं हे सगळं आपल्या हातात असतं. नसते ती गिरणी. कोल्हापुरात गल्लोगल्ली दळण मिळतं, पण आठळ्यांचा डबा पुढे केला की उत्तर ठरलेलं: "आमच्यात हे दळत न्हाई, वहिनी. दगड बसतोय." डब्यातला एक तुकडा हातात घेऊन बघायलाही कुणी तयार नसतं, याचा मला अजून राग आहे. चांगल्या वाळलेल्या आठळीनं दगड बसत नाही.

दगड बसतो तो तेलानं नाहीतर ओलीनं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल, काजूत त्याहून थोडंच कमी. दळताना ते तापतं, पिठाचा लगदा होतो, दगडाच्या खाचा बुजतात आणि मग टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं त्या खाचा पुन्हा पाडाव्या लागतात. तिथं गिरणीवाल्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. म्हणून आजरा-चंदगडची काजूकणी गिरणीत न्यायचीच नाही. तांदळाच्या पिठात मिसळून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायची. आठळीत मात्र तेल नावापुरतं, बहुतेक सगळा स्टार्च. तिची अडचण फक्त ओल. ताज्या आठळीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं, आणि राधानगरी-गगनबावड्याकडचा फणस भरात येतो तोवर पाऊस दारात उभा असतो.

त्यामुळे गिरणीवाल्याशी वाद घालण्याआधी ओल मोजा. तुकडा वाकवला तर कट्‌कन मोडला पाहिजे. जरा जरी लवला तर तो ओला. याहून पक्की परीक्षा मिठाची. काचेची कोरडी बरणी घ्या, त्यात मूठभर तुकडे आणि दोन चमचे कोरडं मीठ घाला, झाकण लावून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दळण नेऊ नका. मीठ मोकळं राहिलं तर तीच बरणी गिरणीत घेऊन जा आणि दाखवा. बोलण्यापेक्षा बरणीचा उपयोग जास्त होतो.

तरीही नकार आला तर दोन वाटा आहेत. पहिली मला सगळ्यात खात्रीची वाटते: वेगळं पीठ करायचंच नाही. वाळलेले तुकडे खलबत्त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे फोडा आणि 1 किलो तुकडे 4 किलो ज्वारीत मिसळून नेहमीच्या दळणासारखे द्या. ज्वारीच्या जोरावर तुकडे दगडाखाली सरकतात. तुकडे मोठे राहिले तर मात्र गिरणीच्या तोंडातच अडकतात, आणि गिरणीवाला चिडला तर त्याचंही चुकत नाही. काय मिसळलंय ते आधी सांगा, लपवू नका. दुसरी वाट घरघंटीची. तिथंही तुकडे बारीकच हवेत, आधी जाड जाळीतून आणि मग बारीक जाळीतून काढायचे. नुसत्या आठळीचंच पीठ हवं असेल तर गिरणी बंद व्हायच्या वेळी जा आणि मागून फिरवायला मूठ-दोन मुठी तांदूळ स्वतः न्या, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठाला वास लागणार नाही. ही तांदळाची गोष्ट आधी बोललात तर बरेच नकार तिथंच विरघळतात.

आता आधीचं काम. वरचं पांढरं चिवट साल काढा, आठळ्या दहा मिनिटं उकळा, तपकिरी पापुद्रा चोळून काढा. थोडा राहिला तरी चालतो, पीठ जरा काळपट होतं इतकंच. उकळणं टाळू नका: कच्च्या आठळीत प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं निकामी होतात. मग 2-3 मिलिमीटरच्या चकत्या करा. अख्खी आठळी वाळवली तर बाहेरून कडक होते आणि आत ओली राहते, आणि तिथंच बुरशी धरते. उन्हाचा भरवसा नसेल तर ओव्हन 60 अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून. नाहीतर दिवसभर पंख्याखाली आणि शेवटी लोखंडी कढईत मंद आचेवर. 1 किलो आठळ्यांतून 350 ते 400 ग्रॅमच पीठ निघतं, हे धरूनच आठळ्या साठवा. फणस कापा (कडक गऱ्याचा) असो की बरका (मऊ गऱ्याचा), आठळी चालते.

दळून आणलेलं पीठ गरम असताना डब्यात भरू नका. वाफ आत धरते आणि गुठळ्या होतात. कापडावर पसरून पूर्ण गार करा.

या पिठात तांदळाच्या पिठापेक्षा प्रथिनं जास्त आहेत, पण ग्लुटेन अजिबात नाही. म्हणून चपातीच्या 1 किलो गव्हाच्या पिठात 100 ते 150 ग्रॅमच घाला; त्यापुढे लाटताना कडा फाटतात. पाणीही जास्त लागतं, आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवावी लागते. भाकरीला तीन भाग ज्वारी, एक भाग आठळी, पाणी उकळतं. थालीपिठाला तिसरा हिस्सा खपतो, कांदा थोडा जास्त घाला. तांबड्या रश्श्याला दाटपणा हवा असेल तर चार वाट्यांना एक चमचा पुरे. गार पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटं उकळा. थेट रश्श्यात टाकलं तर गोळे होतात आणि ते मोडत नाहीत.