आमची वाटचाल: होनिंगचं तेल आणि एक स्टार

बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही सुरुवात केली ती जुन्या किर्लोस्कर लेथवर. पुढे भोक आतून घासून गुळगुळीत करणारं होनिंग मशीन आलं, मग व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीत तेल लावलेला स्पूल, म्हणजे आत सरकणारा दांडा, स्वतःच्या वजनाने सावकाश उतरला पाहिजे. धपकन पडला की लीकेज, अडकला की रिजेक्शन. मधली वर्षं बरी गेली.

2022 ला मात्र व्हीएमसीला ऑपरेटर मिळेना. खानापूरची, कंग्राळीची पोरं फोनवर हो म्हणायची आणि सकाळी गायब. शेवटी आयटीआयच्या एका पोरानं मोबाईलच पुढे केला. कामगार आपल्या कंपनीला स्टार देतात, रिव्ह्यू लिहितात, अशा साइट असतात. ग्लासडोअर 2008 ला अमेरिकेत सुरू झालं, अ‍ॅम्बिशनबॉक्स नंतर आपल्याकडे आलं. आम्हा शेडवाल्यांच्या लेखी हे सगळं बंगळूरच्या आयटीवाल्यांचं. तसल्याच एका साइटवर आमच्या नावाखाली दोन रिव्ह्यू होते. एक पाच स्टारचा, दुसरा एकाचा: ‘ओव्हरटाइम बुडवतात, मालक अंगावर येतो, होनिंगचं कूलंट वर्षभर बदलत नाहीत.’ सरासरी तीन. मोठ्या कंपनीचे हजार रिव्ह्यू असतात, तिथे एकाची शिवी विरघळून जाते. आमची चार वर्षं खाल्ली तिनं.

लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही. पण आमच्या होनिंगवर तेल चालतं, पाण्यात मिसळायचं कूलंट नाही! लिहिणारा त्या मशीनपाशी कधी उभाच राहिलेला नाही. त्याच महिन्यात मागच्या गल्लीतल्या शेडनं आमचे दोन ऑपरेटर पळवले होते. मी एवढंच सांगतो.

साइटवाले रिव्ह्यू काढेनात. उत्तर द्या म्हणाले.

पुण्याचे आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, साहेबच म्हणतो मी त्यांना, त्यांनीही ते वाचलं. फोन न करता थेट आले. ओव्हरटाइमचं रजिस्टर मागितलं. दुप्पट दर, पुढे पोरांच्या सह्या. मग भोकाचा व्यास मोजायचं बोअर गेज उचलून स्वतः चार बॉडी मोजल्या. “काम आहे तसंच आहे की हो,” म्हणाले, आणि पुढच्या लॉटचा अ‍ॅडव्हान्स देऊन गेले. अशी माणसं आता कुठं?

नवीन शेड टाकणाऱ्यांनो, पोरांना बसवून पाच-पाच स्टार टाकून घेऊ नका. एकाच आठवड्यात, एकाच भाषेत आलेलं कौतुक कुणालाही कळतं. सोडून जाणाऱ्याचा हिशोब त्याच दिवशी चुकता करा. उत्तर लिहा, पण रात्री जेवल्यावर नको. माझं पहिलं उत्तर मुलीनं पुसून टाकलं.

मागच्या गल्लीवाल्यांचे स्टार मी अधूनमधून बघतो. परवा 2.1 होते.