बत्तीस नंबर राहिला

माझा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. त्याला अठरा पूर्ण झाली आणि पुढच्याच महिन्यात बँकेने त्याचं खातं अडवलं. खातं अज्ञान मुलाचं होतं, पालक म्हणून सही माझी. आता तो सज्ञान, म्हणजे सही त्याची हवी. त्याच्या आजोबांनी त्याच्या नावावर ठेवलेल्या एफडीची मुदतही नेमकी तेव्हाच संपली. तो सही करत नाही असं नाही, पण सही म्हणून दर वेळी वेगळ्या रेल्वेगाडीचा नंबर लिहितो. काउंटरवरच्या बाईंनी तीन फॉर्म फुकट घालवले आणि म्हणाल्या, "मॅडम, कोर्टाची ऑर्डर आणा."

कोर्टात जावं लागत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण आमचा दीड महिना वकिलांचे जिने चढण्यात गेला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेली व्यक्ती अठरा वर्षांची झाली की नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमू शकते. या समितीचं प्रमाणपत्र बँकांना चालतं, तसं रिझर्व्ह बँकेनेच कळवून ठेवलेलं आहे. आमच्या शाखेला ते माहीत नव्हतं. तुमच्याही नसेल, परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा.

अर्ज भरायला बसले आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापाशी गाडी अडली. आमच्याकडचं 2012 चं, त्यावर 'मतिमंद, 50 टक्के'. तेव्हा 1995 चा कायदा होता, त्यात ऑटिझमचं नावच नव्हतं, म्हणून ज्या खणात बसेल त्यात बसवलं. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले, तेव्हा कुठे स्वमग्नता त्यात आली. ज्या संस्थेमार्फत अर्ज करायचा तिथल्या ताई म्हणाल्या, "आत्ताच नीट करून घ्या, नाहीतर जिथे जाल तिथे समजावत बसाल." पटलं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज अर्ध्या तासात भरून झाला. मग तीन महिने 'प्रलंबित'. शेवटी फोन आला, तपासणीच्या वैद्यकीय बोर्डासाठी बुधवारी या.

सरकारी रुग्णालयाचा तो बुधवार अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

पहिल्या बुधवारी मानसोपचाराचे डॉक्टर शिबिराला गेलेले. हे कळलं साडेबारा वाजता. सकाळी सहाची एसटी धरून आलो होतो. आधी एक फोन करा, हे तुम्हाला सांगते आहे खरं, पण तिथला फोन कुणी उचलत नाही. बोर्डाच्या दिवशी आलेल्या दुसऱ्या एखाद्या पालकाचा नंबर घेऊन ठेवा, तोच कामाला येतो.

दुसऱ्या बुधवारी आमचा नंबर 35. व्हरांड्यात दोन बाकडी आणि शंभरेक माणसं. कुणाच्या कुबड्या, कुणाच्या मांडीवर लेकरू, भिंतीला टेकून बसलेले म्हातारे. लेकाच्या कानावर हेडफोन होते, तरी वरचा पंखा खटखट वाजत होता आणि त्याला तेवढाच ऐकू येत होता. मग दारातला शिपाई नंबर पुकारायला लागला आणि लेक एकदम खूश झाला. स्टेशनवरच्या घोषणा हा त्याचा जीव की प्राण. शिपायाने "बावीस" म्हटलं की हा त्याच सुरात "बावीस". पंचविसापासून तर शिपायाच्या आधीच पुकारू लागला. लोक हसले, शिपाईही हसला. मला वाटलं, चला, आज निभावतंय.

एकतीसनंतर शिपायाने चौतीस पुकारला.

बत्तीस नंबरचे आजोबा झेरॉक्सला गेले होते, आणि तेहतीसचं काय झालं देव जाणे. लेक उठून उभा राहिला. "बत्तीस." शिपाई म्हणाला, "अरे, ते नाहीत." "बत्तीस." चौतीस आत जाऊन बाहेर आला, आमचा पुकारा झाला, हा जागचा हलेना. "बत्तीस राहिला. तेहतीस राहिला." आवाज चढत गेला, हात स्वतःच्या कानशिलावर. मी त्याचे मनगट धरून उभी, मागून कुणीतरी म्हणालं, "वेडं आहे का?" एवढी वर्षं झाली, तरी हा शब्द कानावर पडला की पोटात गोळा येतोच. मी त्या माणसाला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पाच-सात मिनिटांनी आजोबा आले. शिपायाने त्यांना आत सोडलं, मग माझ्याकडे बघून रिकाम्या व्हरांड्याला उद्देशून "तेहतीस!" म्हणून ओरडला. त्या माणसाचे मी मनातल्या मनात पाय धरले. आम्ही आत गेलो. आणि टेबलाशी बसलेल्या लिपिकाने लेकाला नाव विचारलं. त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं, पिनकोडही सांगितला. लिपिक म्हणाला, "बोलतोय की चांगला! मग ऑटिझम कसला?"

दहा मिनिटांपूर्वी दाराबाहेर जे झालं ते त्याने ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. "गोंधळ कोण घालत होतं" हेही विचारून झालं होतं. पण त्याच्या लेखी ते चाचणीत धरत नाहीत. बुद्ध्यांक तपासून आणा, पुढच्या बुधवारी या. डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली.

खरं तर स्वमग्नतेसाठी आपल्याकडे वेगळी मोजपट्टी आहे, आयसा म्हणतात तिला. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली आले तर स्वमग्नता धरत नाहीत. नजरेला नजर देतो का, बदल सहन होतो का, तेच तेच शब्द परत बोलतो का, अशा गोष्टी. बोलता येणं न येणं हा त्यातला एक भाग. घरी बसून प्रत्येक मुद्द्याला एक खरा प्रसंग कागदावर लिहून न्या. तिथे विचारलं की आईला हटकून मुलाचे चांगले गुणच आठवतात. मी पहिल्यांदा म्हणाले होते, "तसा खूप शांत आहे हो." कशाला म्हणाले!

तिसऱ्या बुधवारी माझ्याकडे चार पानं होती, आणि बत्तीस नंबरचा प्रसंग सगळ्यात वर. त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ बाई निराळ्याच होत्या, तरुण. त्यांनी पाऊण तास दिला, त्यातला अर्धा वेळ त्याच्याशी गाड्यांबद्दल बोलण्यात. 118 गुण, म्हणजे 70 टक्के दिव्यांगत्व. फेब्रुवारी 2024 मध्ये यूडीआयडीचं पिवळ्या पट्टीचं कार्ड पोस्टाने घरी आलं. नावाचं स्पेलिंग आधारसारखंच आहे ना, हे अर्ज भरतानाच दोनदा बघा. आमच्या ओळखीतल्या एकांना एका 'एच'पायी पुन्हा सगळं करावं लागलं.

समितीचं फारसं सांगण्यासारखं नाही. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायला हवी, पण मध्ये लोकसभेची निवडणूक आली आणि आमची तारीख जुलैत गेली. दहा मिनिटांत झालं. नवऱ्याची आणि माझी दोघांची नावं लावा, एकाचंच नको, हा सल्ला संस्थेतल्या ताईंचा. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्व म्हणूनही एक प्रकार आहे, त्यात निर्णय पालक आणि ती व्यक्ती, दोघांनी मिळून घ्यायचा असतो. ते नाव मला जास्त आवडलं होतं. कोणता शर्ट घालायचा आणि कोणत्या गाडीने जायचं हे आमच्या घरात त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही, आणि मी मात्र सही करून आले की त्याला ठरवता येत नाही. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते: नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या नावावर काय काय आहे त्याची यादी द्यावी लागते, आणि मार्च संपला की तीन महिन्यांत वर्षाचा हिशेब. एक वही घाला. माझ्या वहीत पहिली नोंद रेल्वेच्या वेळापत्रकाची आहे.

ऑगस्टमध्ये प्रमाणपत्र घेऊन बँकेत गेलो. तिथे टोकनचं मशीन आहे, आमचं सतरा. पंधरानंतर सोळा आलं, सोळानंतर सतरा. मॅनेजरने परिपत्रक दोनदा वाचलं, मग खातं सुरू केलं. मी निघायला उठले, तर लेक खुर्चीतून हलेना. अठरा नंबरवाला काउंटरला पोहोचेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.