नकाशावरच्या पांढऱ्या रेघा: जेर्समध्ये सायकलवर

फ्रान्समध्ये सायकल चालवतो म्हटलं की पुण्याच्या मित्रांच्या डोळ्यांसमोर एकतर आल्प्सचे घाट येतात, नाहीतर नदीकाठचा सपाट सायकल ट्रॅक. दोन्ही करून झाल्यावर मी एका वेगळ्याच मताला आलो आहे. या देशातली खरी चैन खेड्याखेड्यांना जोडणाऱ्या साध्या डांबरी रस्त्यांवर आहे. फक्त ते रस्ते शोधावे लागतात, आणि त्या शोधण्याचंच थोडं तंत्र आहे.

फ्रान्सचं रस्त्यांचं जाळं साधारण ११ लाख किलोमीटरचं. त्यातले ७ लाखांच्या आसपास गावांच्या मालकीचे आणि पावणेचार लाखांच्या वर जिल्ह्यांच्या, म्हणजे देपार्तमांच्या मालकीचे. देशात सुमारे ३५ हजार कम्यून, म्हणजे गावपालिका, आणि अगदी शंभर-दीडशे वस्तीच्या कम्यूनलाही स्वतःचा महापौर आणि स्वतःचे रस्ते. माणसं पोटामागे शहरांकडे गेली, डांबर मात्र जागेवर राहिलं. दोन-तीन शेतघरांपर्यंत जाणारा रस्तासुद्धा नीट राखलेला असतो आणि त्यावर तासन्‌तास कुणी फिरकत नाही.

नोकरीनिमित्त मी तुलूझला राहतो. इथून रेल्वेने दीड तासावर ओश हे गाव आहे, जेर्स जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. जेर्सचं क्षेत्रफळ ६,२५७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गापेक्षा थोडं मोठं, आणि लोकसंख्या दोन लाखांच्याही आत. जूनअखेर मावसभाऊ सुट्टी काढून पुण्याहून आला. सिंहगडाचा चढ वर्षानुवर्षं चढलेला गडी. "दादा, मला चढ चालेल, पण ट्रक नको," एवढी एकच अट त्याने घातली होती.

आधी नकाशा. मिशलिनचा दीड लाखात एक या प्रमाणाचा कागदी नकाशा टेबलावर पसरला. लाल रस्ते मोठे, ते सोडून द्यायचे. पिवळे दुय्यम, तेही शक्यतो फक्त ओलांडण्यापुरते. पांढरे आपले. पांढऱ्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर देखावा चांगला, आणि रस्त्यावर बाणासारख्या खुणा असतील तर चढ. एक खूण म्हणजे पाच टक्क्यांच्या वर, दोन म्हणजे नऊच्या वर, तीन खुणा दिसल्या तर पायांना विचारून जावं.

पण जेर्समध्ये नुसता रंग बघून भागत नाही. दक्षिणेला पिरेनीजच्या पायथ्याशी लानमेझांचं पठार आहे. तिथून साव्ह, जिमोन, आरात्स, जेर्स, बाईझ अशा नद्या उघडलेल्या पंख्यासारख्या उत्तरेकडे पसरतात. दोन नद्यांच्या मध्ये एकेक लांबट डोंगरसोंड. म्हणजे दक्षिणोत्तर गेलात तर खोऱ्यातून सपाट, आणि पूर्व-पश्चिम गेलात तर दिवसभर वर-खाली, वर-खाली. ऐंशी किलोमीटरमध्ये हजार-बाराशे मीटर चढ सहज होतो, तेही एकही डोंगर नजरेत न भरता.

सोपं म्हणून खोरं धरावं, तर तिथे सगळी रहदारी. आजांहून लेक्तूर, फ्लरांस, ओश करत तार्बकडे जाणारा एन-२१ हा राष्ट्रीय रस्ता बराचसा जेर्स नदीच्या खोऱ्यातूनच जातो, आणि ट्रकवाल्यांनाही सपाट रस्ताच आवडतो. ओशहून कोंदोंला जाणारा डी-९३० तसाच. याला उपाय सोंडेवरचा रस्ता. आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचे समोच्चरेषांचे नकाशे सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. ज्या पांढऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रेषा खाली उतरत जातात, तो सोंडेच्या माथ्यावरून जाणारा रस्ता. एकदा चढून वर गेलं की पंधरा-वीस किलोमीटर फारशी उंची न गमावता उत्तरेकडे जाता येतं, आणि हवा स्वच्छ असेल तर मागे पिरेनीजची रांग. आम्ही दिवसाची आखणी अशीच केली: एखादी सोंड पकडायची, तिच्यावरून पुढे जायचं आणि कंटाळा आला की खोरं आडवं ओलांडून पलीकडच्या सोंडेवर.

ॲपचं काय? सायकल डॉट ट्रॅव्हल शांत रस्ते निवडण्यात हुशार आहे, कच्चा आराखडा त्यावरच केला. पण कोणतंही ॲप कधी ना कधी शेतातल्या कच्च्या वाटेवर नेऊन सोडतं. म्हणून शंका आली की उपग्रहाच्या चित्रात डांबर आहे ना, ते बघून घेतलं. कंटाळवाणं काम आहे, पण २८ मिलिमीटरच्या टायरवर नांगरटीतून जाण्यापेक्षा बरं.

भावासाठी सायकल तुलूझमध्ये भाड्याने घेतली. तिथे एक गोष्ट आवर्जून सांगितली: इकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडच्या उलट. दुकानाच्या मागच्या गल्लीत त्याला दहा मिनिटं नुसतं ब्रेक दाबायला लावलं. खेड्यातल्या चौकांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हेही घोकून घेतलं. पाटी नसेल तर तोच नियम.

ओश सोडून पहिल्या सोंडेवर चढलो तेव्हा सात वाजत होते. कापणीला आलेला गहू, लसणाची वावरं, सूर्यफुलांची रांगच्या रांग, काही अजून कळीत. तासाभराने एक टपालाची पिवळी गाडी आली. दीड मीटर अंतर राखून ओलांडायचा कायदा आहे, बाई तर पार गवतात उतरून गेल्या आणि हातही केला. मग बराच वेळ काहीच नाही.

"दादा, इथे लोक राहतात ना नक्की?"

राहतात, पण दुपारी दिसत नाहीत. साडेबाराला बेकरीचं शटर पडतं ते साडेतीन-चारला उघडतं, आणि सोमवारी बहुतेक ठिकाणी उघडतच नाही. त्यामुळे पाव आणि चीज दहाच्या आधीच पिशवीत टाकून ठेवायचं. पाण्याचा प्रश्न मात्र कब्रस्तानाने सोडवला. प्रत्येक गावात चर्चजवळ किंवा वेशीबाहेर सायप्रसची झाडं दिसली की समजायचं. लोखंडी फाटक करकरत उघडतं, आत भिंतीला एक पितळी नळ, त्याच्या शेजारी थडग्यांवरच्या फुलांसाठी हिरव्या प्लॅस्टिकच्या झाऱ्या खिळ्याला टांगलेल्या. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं. भाऊ पहिल्यांदा फाटकाबाहेरच थांबला, "मी नाही बाबा तिथलं पाणी पिणार" म्हणत. ऊन पस्तिशीला टेकल्यावर तोच पुढे होऊन झाडं शोधायला लागला.

कोंदोंच्या अलीकडे एका मक्याच्या शेताने मजा आणली. पाण्याची भली मोठी तोफ सावकाश फिरत होती आणि प्रत्येक फेरीला धार रस्ता ओलांडून पलीकडच्या कुंपणावर आपटत होती. धार पलीकडे वळली की निघायचं, असा हिशेब करत उभे राहिलो. मी कोरडा सुटलो. भाऊ मुद्दाम सावकाश आला.

या रस्त्यांवर खरी काळजी घ्यायची ती 'ग्राव्हियाँ' अशी पाटी दिसली की. उन्हाळ्यात गावरस्त्यांवर डांबराचा हात देऊन वर बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. गाड्याच नसल्यामुळे ती दाबली जायला आठवडे लागतात. उताराच्या वळणावर ही खडी म्हणजे थेट इस्पितळाचं तिकीट. तिथे सरळ उतरून चालावं, त्यात कमीपणा नाही.

मुक्काम शेतघरांतल्या खोल्यांत केला. जेवण तिथेच हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करावा लागतो, कारण सात-आठ किलोमीटरच्या परिसरात दुसरं काही मिळण्याची खात्री नसते. भाऊ शाकाहारी, आणि जेर्स म्हणजे बदकांचं राज्य. इथल्या प्रसिद्ध सॅलडमध्येसुद्धा पानांपेक्षा बदकाचं मांस जास्त. मी फोनवर मांस नको, मासे नकोत असं सांगितलं, तर घरमालकीण मादाम क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे बदकही नको?" शेवटी अंडं चालेल यावर तडजोड झाली आणि ऑम्लेट, घेवडा, वर आर्मन्याक ही इथली ब्रँडी शिंपडलेली सफरचंदाची पापुद्र्याची क्रूस्ताद असं झकास जेवण मिळालं.

मधली गावं मी घाईत सांगतो. फूर्सेस वर्तुळाकार आहे, घरं चौकाभोवती गोल. लारेसांग्ल इतकं लहान की तटाच्या आतून फिरायला दहा मिनिटं पुरतात. ला रोमियूमध्ये खिडक्यांवर दगडी मांजरं बसवली आहेत. या पट्ट्यातून स्पेनमधल्या सांतियागो तीर्थाला चालत जाणाऱ्यांची ल पुईहून येणारी वाट जाते. पाठीवर बोचकी घेतलेले यात्रेकरू भेटले की "बाँ कुराज", म्हणजे हिंमत ठेवा, म्हणायचं. तेही आपल्या चढाकडे बघून तेच म्हणतात.

लेक्तूरहून परतीसाठी आजां स्टेशन गाठायचं होतं. एन-२१ ने छत्तीस किलोमीटर, सरळसोट. आम्ही पश्चिमेच्या टेकड्यांवरून मुआराच्या जुन्या प्रायरीकडे, म्हणजे ख्रिस्ती मठाकडे, गेलो आणि तिथून गारोन नदीकडे उतरलो. आजांला नदीवरून कालवा नेणारा पूल आहे, २३ दगडी कमानींचा. खाली नदी, वर पाणी भरलेला कालवा, त्यात बोट आणि बोटीच्या शेजारून आपण. हा रस्ता खास सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी, मोटारींना पूर्ण बंदी. आणि अख्ख्या सफरीत सगळ्यात जास्त घंटी इथेच वाजवावी लागली: बाबागाड्या, लांब दोरीला बांधलेली कुत्री, मधोमध थांबून फोटो काढणारं कुटुंब. "यापेक्षा ते कब्रस्तानवाले रस्ते बरे होते," भाऊ म्हणाला.

संध्याकाळच्या गाडीत पुढचं चाक वर करून सायकली हुकांना टांगल्या. तुलूझ येईपर्यंत त्याने नकाशा मांडीवर घेतला होता. पुढच्या वेळी सप्टेंबरात ये म्हणून मी त्याला सांगितलंय: ऊन उतरलेलं असतं, द्राक्षं तोडणीला आलेली असतात, आणि तेव्हा यायचं तर मादामना महिनाभर आधी फोन करावा लागेल.