आधी धार मोडा, मग सुरी घडवा

दगडाची सुरी घडवायला बसलेला नवखा माणूस सगळं लक्ष हातोड्यावर ठेवतो. फटका किती जोरात मारायचा, कुठल्या कोनात, मनगट कसं फिरवायचं, हाच विचार. खरं काम असतं दगडाच्या कडेवर, आणि ते फटक्याच्या आधी उरकायचं असतं. ताज्या टवक्याची कड इतकी पातळ असते की तिच्यावर ठोका बसला की ती जागच्या जागी चुरते आणि जोर दगडाच्या आत पोचतच नाही. म्हणून ती धार आधी घासून बोथट करायची. धारदार वस्तू बनवण्यासाठी असलेली धार मोडायची, हे सुरुवातीला पटत नाही. बहुतेक चांगले दगड तिथेच वाया जातात.

दगड निवडताना नावापेक्षा पोत बघा. चकमक, चर्ट, जॅस्पर, अकीक, कॅल्सेडनी आणि ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच, हे सगळे चालतात. लाकडाला जशा रेषा असतात आणि ते रेषेवर चिरतं, तसं यांचं नसतं. कुठल्याही दिशेने ठोका मारला तरी जोर सारखा पसरतो. ग्रॅनाइट आणि वाळूचा दगड यासाठी निरुपयोगी, कारण फट प्रत्येक कणाशी वळते. दगड हातात सैल धरून दुसऱ्या दगडाने हलकेच टिचकी द्या. खणखणीत आवाज आला तर आतून अखंड आहे, भद्द आवाज आला तर आत चीर आहे. मग एक कोपरा उडवून आतला भाग उजेडात धरा. तुळतुळीत किंवा मेणासारखा दिसला तर ठेवा. साखरेसारखे चमकणारे कण दिसले तर बाजूला टाका.

शिकायला मात्र काच सर्वांत बरी. जाड बाटलीचं बूड किंवा ८ ते १० मिमी जाडीचा साध्या काचेचा तुकडा घ्या. टफन केलेली काच घेऊ नका, पहिल्याच टवक्याला तिचा चुरा होतो. काचेवर शिकण्यात कमीपणा नाही. १९११ साली कॅलिफोर्नियात समोर आलेला ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा इशी बाटलीच्या काचेपासून अप्रतिम बाणाग्रं घडवत असे. लांब दांड्याच्या दाबणीला, म्हणजे ठोका न मारता दाब देऊन बारीक टवके काढायच्या अवजाराला, आजही हे काम करणारे लोक त्याच्याच नावाने ओळखतात.

टवका का सुटतो हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणलं की पुढचं सोपं जातं. खिडकीच्या काचेवर छर्रा लागला की पुढे बारीक भोक पडतं आणि मागून पसरट, शंकूच्या आकाराचा टवका उडतो. दगडातही ठोक्याखाली असाच शंकू तयार होतो. आपण ठोका मारतो कडेजवळ, म्हणून शंकूचा फक्त एक काप बाहेर पडतो. तोच छिलका. म्हणजे छिलका ठोक्याच्या रेषेत जात नाही, शंकूच्या उताराने जातो. छिलका जिकडे पाठवायचा तिकडेच रोखून मारणाऱ्याचा फटका दगडाच्या पोटात शिरतो आणि दगड दुभंगतो.

सुटलेला एक छिलका उचला आणि तिरप्या उजेडात फिरवा. ठोका जिथे बसला ती बारीक जागा टोकाला दिसेल. तिच्या लगेच खाली गुळगुळीत फुगवटा असेल आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा पसरलेल्या दिसतील. फुगवटा मोठा आणि लाटा ठळक असतील तर हातोडा फार कठीण होता किंवा जोर जास्त होता. फुगवटा जेमतेम जाणवत असेल आणि छिलका पातळ, रुंद असेल तर हात बरोबर बसला. प्रत्येक छिलका असा वाचायची सवय लावा. कुठल्याही व्हिडिओपेक्षा हे जास्त शिकवतं.

अवजारं थोडी लागतात. पहिल्या फोडीसाठी ३०० ते ५०० ग्रॅमचा गोल, मुठीत बसणारा नदीतला गोटा. पातळ करण्यासाठी मऊ हातोडा, म्हणजे शिंगाचा तुकडा किंवा तांब्याची टोपी बसवलेला २०० ते ३०० ग्रॅमचा दांडका. जिथे वन्यजीव कायद्याने शिंग बाळगायला बंदी आहे तिथे तांबंच वापरा, कामात फार उणं पडत नाही. शेवटच्या कामासाठी दाबणी लागते. लाकडी मुठीत ४ मिमी जाडीची तांब्याची सळई बसवायची आणि टोक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर ठेवायचं. टोक ठोकून थोडं कडक करून घ्या, नाहीतर ते लगेच वाकतं. शिवाय घासायला खरखरीत वाळूचा दगड किंवा ग्राइंडिंग व्हीलचा तुटका तुकडा, मांडीवर ठेवायला ४ ते ५ मिमी जाड चामडं, आणि तळहातासाठी त्याचंच छोटं गादीवजा पान.

पहिला छिलका काढण्यासाठी फोडायच्या दगडावर असा कोपरा शोधा जिथे दोन बाजू ९० अंशांपेक्षा कमी कोनात मिळतात. ६० ते ८० अंश असतील तर उत्तम. कोन ९० च्या पुढे गेला की तिथून काहीही सुटत नाही, कितीही जोर लावा. ज्या सपाट जागेवर ठोका पडणार तिला इथे बैठक म्हणू. गोट्याच्या हातोड्याने कडेपासून ५ ते ८ मिमी आत मारा आणि फटका पार खालपर्यंत जाऊ द्या, मध्येच हात आखडू नका. सुरीसाठी ८ ते १० सेंमी लांब, ४ ते ५ सेंमी रुंद आणि साधारण १ सेंमी जाड छिलका हवा. शक्य तेवढा सरळ घ्या. केळ्यासारखा वाकडा छिलका पुढे सरळ करता करता निम्मा उरतो.

खरं तर एवढ्यावरच चालणारी सुरी तयार असते. अंगचीच धार असलेला छिलका मुठीत बसवला की तो मांस, चामडं, दोर सगळं कापतो. त्याची धार घडवलेल्या धारेपेक्षा तीक्ष्णच असते. ऑब्सिडियनच्या ताज्या छिलक्याची कड तर काही नॅनोमीटर जाडीची असू शकते. दोन्ही अंगांनी घडवलेलं पातं दिसायला सुंदर असतं, टिकतं जास्त आणि पुन्हा धार लावता येते, पण तीक्ष्णपणात ते कोऱ्या छिलक्याच्या मागेच राहतं. पहिल्या चार-पाच सुऱ्या कोऱ्या छिलक्याच्याच कराव्यात, असं माझं ठाम मत आहे.

घडवलेलं पातं करायचं असेल तर इथून कडेचं काम सुरू होतं. छिलका आडवा धरा. टवका नेहमी खालच्या अंगाने सुटतो, म्हणून ज्या अंगावरून माल काढायचा ते खाली ठेवायचं. कड जाडीच्या बरोबर मध्यावर असेल तर सुटणारा टवका आखूड राहतो, आणि मध्याच्या वर असेल तर पातंच मोडतं. कड मधल्या रेषेच्या थोडी खाली हवी. त्यासाठी पातं उलटं करा आणि घासणीचा दगड कडेवरून वरून खाली ओढा. बारीक कपच्या खालच्या अंगाने गळतात आणि कड वरच्या अंगाकडे सरकते. पातं पुन्हा सुलटं केलं की तीच कड खाली आलेली दिसेल. आता घासणी कडेच्या लांबीत, मागेपुढे चालवा. बोट फिरवल्यावर काहीच टोचू नये, कड नखाच्या काठासारखी गोलसर लागावी. तेवढं झाल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. प्रत्येक टवक्यानंतर त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा टोकदार कड तयार होते, म्हणून घासणंही प्रत्येक वेळी. एका ठोक्याला पाच-दहा सेकंद घासणं हे प्रमाण जास्त वाटलं तरी बरोबर आहे.

बैठक अशा ठिकाणी करा जिथून खालच्या अंगावर एखादा उंचवटा आत जातो. फट उंचवट्याच्या मागे धावते. खोलगट जागेवर ठोका दिला तर टवका मध्येच मरतो. मऊ हातोड्याचा ठोका थेट कडेवरच्या बैठकीवर, किंचित आतल्या दिशेने, ओझरता द्यायचा आणि खालच्या अंगाला मांडीवरच्या चामड्याचा किंवा बोटांचा आधार ठेवायचा. एका कडेवरून सुटलेला टवका मध्यरेषा ओलांडून गेला की पातं पातळ होतं. तो अलीकडेच थांबत राहिला तर रुंदी घटत जाते आणि जाडी तशीच राहते. रुंदी जाडीच्या चौपट झाली की हातोडा ठेवून द्या. कडा घडवताना रुंदी घटून ३ सेंमी झालेल्या पात्याला साधारण ७-८ मिमी जाडी म्हणजे दाबणीची वेळ आली.

बिघाड ठरावीकच होतात. टवक्याचा शेवट गोल वळून वर आला तर आतल्या दिशेचा जोर कमी पडला किंवा पृष्ठभाग खोलगट होता. शेवट पायरीसारखा तुटला तर फट वाटेतच संपली. बैठक दुबळी असेल किंवा दगडात खोट असेल तर असं होतं. अशा पायरीवर त्याच बाजूने पुन्हा पुन्हा मारू नका. पायरीवर पायरी चढते आणि पात्याच्या मधोमध कधीच न निघणारं टेंगूळ राहतं. पायरीच्या थोडं बाजूला मजबूत बैठक करून किंवा समोरच्या कडेवरून लांब टवका काढून ती खालून उचलायची. टवका मर्यादेबाहेर धावून समोरची कड घेऊन गेला तर कड प्रमाणाबाहेर खाली गेली होती किंवा जोर जास्त झाला. सगळ्यांत जिव्हारी लागणारा बिघाड म्हणजे एका टोकाला ठोका दिल्यावर पातं मधून आडवं तुटणं. दगडात दोष नसतो. ठोक्याची थरथर आधार नसलेल्या टोकापर्यंत जाते आणि पातं तो ताण सोसू शकत नाही. लांब पात्याचं दुसरं टोकही मांडीवर टेकवून ठेवा.

चर्ट फार चिवट असेल तर तापवून घेता येतो. मनुष्यप्राणी हे फार पूर्वीपासून करत आला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंट इथे ७२,००० वर्षांपूर्वीचे तापवून घडवलेले दगड मिळाले आहेत. अख्खा गोटा नको, छिलके घ्या. ते वाळूत पुरून आधी १०० अंश सेल्सिअसच्या आत निदान एक दिवस वाळवा, कारण आत पाणी राहिलं तर त्याची वाफ होऊन दगड फुटतो. मग तासाला २५ ते ३० अंश चढवत २५० ते ३०० अंशांपर्यंत न्या, ३-४ तास ठेवा आणि भट्टी पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. प्रत्येक दगडाचं तापमान वेगळं असतं, म्हणून आधी दोन-तीन टाकाऊ तुकडे घालून बघा. नीट तापलेल्या दगडाचा नवा टवका तेलकट चमकतो. तपकिरी, पिवळसर दगड लोहामुळे लालीवर जातो. जास्त तापला तर जाळीदार चिरा पडतात आणि तो ठिसूळ होतो. ऑब्सिडियन तापवायची गरज नाही.

दाबणीच्या कामात दोन हालचाली असतात, आधी आत आणि मग खाली. डाव्या तळहातावर चामडं, त्यावर पातं, बोटांनी घट्ट धरलेलं. दाबणीचं टोक घासलेल्या कडेवर टेकवा आणि पात्याच्या पातळीत आतल्या बाजूला जोर भरा. हात मांड्यांमध्ये धरून गुडघे आवळले की जोर खांद्यांऐवजी पायांतून येतो. जोर पुरेसा भरला की टोक किंचित खाली दाबा, कट्ट आवाज होऊन टवका चामड्यावर पडेल. नुसतंच खाली दाबलं तर आखूड, उभे टवके निघतात आणि कड भिंतीसारखी उभी होते. इटली-ऑस्ट्रिया सीमेवर १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षं जुन्या हिममानव ओट्झीजवळ असंच साधन होतं. लिंडनच्या लाकडात शिंगाची टोकदार कांडी ठोकून बसवलेली, दिसायला जाड पेन्सिलीसारखी. त्याच्या चकमकीच्या खंजिराला ॲश लाकडाची मूठ आहे आणि पात्याचं टोक तुटलेलं आहे. टोक हा अशा सुरीचा सगळ्यांत नाजूक भाग असतो.

मुठीसाठी ११ ते १२ सेंमी लांब आणि ३ सेंमी जाड कोरडं लाकूड घ्या आणि त्यात २ ते २.५ सेंमी खोल खाच करा. पात्याचा जो भाग खाचेत जाणार त्याच्या कडा घासून पूर्ण बोथट करा, नाहीतर त्याच बांधणीचा दोर कापतात. चिकटवायला राळ, कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि मेण. मापाने ४ भाग राळ, १ भाग कोळसा, अर्धा भाग मेण. मंद आचेवर, उघड्या ज्वाळेपासून लांब वितळवा. राळ पेट घेते, आणि उकळू दिली तर कायमची ठिसूळ होते. एक थेंब पाण्यात गार करून नखाने दाबा. तडकला तर मेण वाढवा, मऊ राहिला तर कोळसा. पातं थोडं गरम करून बसवा, कारण गार दगडावर राळ धरत नाही. वरून ओलं कच्चं चामडं किंवा स्नायूचे तंतू गुंडाळा, वाळताना ते आवळतात. मग दोन दिवस हात लावू नका.

ही सुरी ओढून कापते. पिरगाळली किंवा तिने काही उचकटलं तर ती तुटतेच.

आता धूळ. कामापेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. चकमक आणि चर्ट घासताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. उघड्यावर, वारा एका बाजूने वाहत असताना बसा आणि तोंडावर नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क घाला. घासताना दगड ओला ठेवला तर धूळ खूप कमी होते. चष्मा कायम डोळ्यांवर, पातं धरणाऱ्या हातात चामड्याचा मोजा. खाली ताडपत्री अंथरा, कोरडा झाडू मारू नका आणि कपडे बाहेरच झटका. घरात, मुलं रांगतात त्या जमिनीवर हे काम कधीही करू नका.

दगड जुन्या वस्तीच्या किंवा उत्खननाच्या जागेवरून उचलू नका, एक कपचीसुद्धा नाही. आणि आपला कचरा कुठेही सोडू नका. आज पडलेला टवका शंभर वर्षांनी अश्मयुगातल्या टवक्यापासून ओळखणं अवघड जातं आणि संशोधकांची दिशाभूल होते. सगळ्या कपच्या गोळा करून एकाच खड्ड्यात पुरा आणि तळाशी चालू सालाचं नाणं ठेवा. पात्याच्या बुडाशी हिऱ्याच्या टोकाने स्वतःची आद्याक्षरं आणि साल कोरा, मूठ बसवण्याच्या आधी.