संकल्पातलं साल, लेण्यातलं साल

शके १९४७च्या पितृपक्षात दादा रामकुंडावर बाबांचं तर्पण करत होता. मी आणि भाचा पायरीवर. गुरुजी संकल्प भराभर सांगत होते, वैवस्वत मन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे, विश्वावसुनाम संवत्सरे. भाचा आठवीतला, मोबाईलवर लगेच हिशेब. कलीची ५१२६ वर्षं गेली, त्याआधी द्वापराची ८,६४,०००, आणि राम त्याच्याही आधीच्या त्रेतायुगातला. "म्हणजे आत्या, राम पंचवटीत आला त्याला किमान ८,६९,१२६ वर्षं झाली?"

तीस वर्षं गणित शिकवलं, पण इथे गप्प झाले. बेरीज बरोबर होती ना!

खरं तर मीही वर्गात हे आकडे इतिहास म्हणून सांगत असे. शकात ३१७९ मिळवा की गतकली, म्हणजे कलीची सरलेली वर्षं, येतो, मुलांना गंमत वाटायची. पण कलीच्या आरंभाचं इसवी सनापूर्वी ३१०२ हे साल त्या काळी कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. आपण तेवीस वर्षांचे असताना कलीची ३६०० वर्षं सरली होती, असं आर्यभट सांगतो, म्हणजे इ.स. ४९९. ग्रह मेषारंभी एकत्र होते असं धरून ज्योतिष्यांनी मागे मोजत नेलेला हा आरंभबिंदू आहे. आजच्या गणितात ते तेव्हा तसे एकत्र येत नाहीत. संकल्पात तो आकडा मला खटकत नाही. तिथे आपण काळातला आपला पत्ता सांगतो.

पुढच्या रविवारी त्याला पांडवलेण्यात नेलं. (पांडवांचा संबंध नावापुरताच, लेणी बौद्ध भिक्षूंची.) तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीचं १९वं राज्यवर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. एवढंच.

"पण साल कुठलं?"

ते आपण शोधायचं. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली, सातवाहनांचा शत्रू असलेल्या क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या बहुतेकांवर बलश्रीच्या मुलानं, गौतमीपुत्रानं, आपला ठसा मारलेला. त्यावरून आधी कोण, नंतर कोण, एवढं पक्कं झालं. नेमक्या सालावर अभ्यासक अजून भांडतात.

भाच्याला त्यात रस नव्हता. लेखातला १९ त्याला दिसेना, कारण तो दहाची एक खूण आणि नऊची दुसरी, असा लिहिलेला. "शून्य नाही?"

"नाही."

मग तो बराच वेळ वहीत त्या दोन खुणा गिरवत बसला.