तुम्ही विचारलंत म्हणून : पहिला फ्लॅश कोणता घ्यावा?

घरगुती समारंभांची छायाचित्रे मी काढतो हे ठाण्यातल्या ओळखीपाळखीच्या मंडळींना ठाऊक असल्यामुळे गणपती जवळ आले, की एक प्रश्न हमखास येतो : "कॅमेरा नवा घेतला आहे, आता वरून लावायचा फ्लॅश हवा आहे, पण फार पैसे घालायचे नाहीत, कोणता घेऊ?" विचारणाऱ्याला एका मॉडेलचे नाव हवे असते, आणि ते मी सांगतोही, पण त्याआधी त्याला दोन गोष्टी विचारतो. कॅमेरा नेमका कोणता आहे, आणि फोटो कसल्या छताखाली काढायचे आहेत? पहिल्या प्रश्नाचे कारण सगळ्यांना समजते. दुसरा प्रश्न ऐकून मात्र बहुतेक जण गोंधळतात, आणि माझ्या मते पैशांचा खरा विचार तिथेच करायचा असतो.

आधी कॅमेऱ्याचे पाहू. कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश सरकवण्याची जी खाच असते तिला हॉट शू म्हणतात, आणि तिच्या मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो. वर्षानुवर्षे बहुतेक सगळ्या कंपन्यांचे साधे फ्लॅश याच ठिपक्यावरून पेटत आले आहेत, त्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा आणि भलत्याच कंपनीचा फ्लॅश ही जोडी बिनतक्रार चालते. कॅननने मात्र आपल्या स्वस्त गटातल्या काही कॅमेऱ्यांवरून हा मधला ठिपकाच काढून टाकला. आपल्याकडे १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या नावांनी विकले जाणारे कॅमेरे त्यांतले आहेत, आणि नवशिक्याच्या हातात नेमके हेच कॅमेरे जास्त असतात. अशा कॅमेऱ्यावर साधा मॅन्युअल, म्हणजे शक्ती हाताने ठरवायचा, फ्लॅश बसतो, त्याचा दिवाही लागतो, पण बटण दाबल्यावर तो पेटत नाही. घेणाऱ्याला वाटते की माल खराब निघाला. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याची ती खाच उजेडात धरून नीट पाहावी. मधला मोठा ठिपका नसेल, तर कॅमेऱ्यावर लावण्यासाठी कॅननच्या बारीक संपर्कबिंदूंवरून बोलणारा, म्हणजे कॅननसाठीच बनवलेला टीटीएल (शक्ती आपोआप ठरवणारा) फ्लॅश घेण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागतील. ठिपका असेल, तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

आता छताकडे वळू. फ्लॅशचा जो चेहरा प्रकाश फेकतो तो जेमतेम काडेपेटीच्या दोन-तीन पेट्यांएवढा असतो, आणि एवढ्याशा जागेतून समोरून आलेला प्रकाश माणसाच्या चेहऱ्यावर कपाळाला चमक, नाकाशेजारी धारदार काळी सावली आणि मागच्या भिंतीवर डोक्याची दुसरी आकृती उमटवतो. लोक "फ्लॅशचा फोटो" म्हणून नाक मुरडतात ते यालाच. हाच फ्लॅश वर वळवून छतावर मारला, की छताचा मीटर-दीड मीटरचा पट्टा उजळतो आणि तोच दिवा होतो. प्रकाश मोठ्या जागेतून येत असल्यामुळे सावल्यांच्या कडा विरघळतात. ठाण्यातल्या साध्या सदनिकेत स्लॅब साडेनऊ फुटांच्या आसपास आणि रंग पांढरा असतो, म्हणजे या कामासाठी तो जणू मुद्दाम बनवलेला आहे. नुसता वरून आलेला प्रकाश डोळ्यांखाली खळगे दाखवतो, म्हणून मी फ्लॅशचे डोके सरळ वर न ठेवता किंचित मागे किंवा बाजूच्या भिंतीकडे कलवतो. आरतीच्या वेळी आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) ८००, भिंगाचे छिद्र एफ/४ आणि शटर १/६० सेकंद ठेवून फ्लॅश छताकडे वळवला, तर पाव किंवा एक-अष्टमांश शक्ती पुष्कळ होते. चेहरे स्वच्छ येतात आणि शटर सावकाश असल्यामुळे मखरातल्या दिव्यांच्या माळाही विझल्यासारख्या दिसत नाहीत.

मंगल कार्यालयात हे गणित बदलते. छत वीस फुटांवर असेल, तर प्रकाश वर जाऊन खाली येईपर्यंत त्यातला बराचसा वाटेतच हरवतो, आणि वर तपकिरी लाकडी नक्षी असेल तर उरलेलाही गिळला जातो. त्याहून फसवा प्रकार मैदानातल्या मांडवाचा. गुलाबी किंवा पिवळ्या कापडावर मारलेला प्रकाश त्या कापडाचा रंग घेऊनच खाली उतरतो, आणि नवऱ्या मुलीच्या गालावर जी छटा चढते ती नंतर संगणकावर बसून काढता काढता नाकी नऊ येतात, कारण तिच्या शालूचा रंगही त्याबरोबर बिघडत जातो. अशा ठिकाणी छताचा नाद सोडून जवळची पांढरी भिंत शोधावी, किंवा फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून पांढऱ्या छत्रीत लावावा.

या सगळ्यासाठी फ्लॅशमध्ये जी एक गोष्ट असलीच पाहिजे ती म्हणजे डोके वर-खाली आणि डावी-उजवीकडे, दोन्ही दिशांना वळणे. बाजारात अगदी स्वस्त म्हणून दाखवले जाणारे काही फ्लॅश फक्त वर उचलता येतात. कॅमेरा उभा धरला की त्यांचा प्रकाश छताऐवजी भिंतीवर जातो, आणि देवघरासमोरचे निम्मे फोटो तर आपण उभेच काढतो. ज्यांचे डोके मुळीच वळत नाही ते फ्लॅश फुकट मिळाले तरी घेऊ नयेत.

तर मॉडेलचे नाव : गोडॉक्स टीटी६००. हा मॅन्युअल फ्लॅश आहे, म्हणजे शक्ती आपण ठरवायची, पूर्ण शक्तीपासून तिच्या १२८व्या भागापर्यंत. पेन्सिल सेलच्या (एए) आकाराच्या चार बॅटऱ्यांवर तो चालतो, त्याचे डोके हवे तसे वळते, आणि त्याच्या पोटात २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ रिसीव्हर आहे. योंगनुओचे वायएन५६० मालिकेतले फ्लॅश याच जातीचे; त्यांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत रेडिओ आहे. कॅमेरा कंपनीचा स्वतःचा फ्लॅश उत्तम असतो यात वाद नाही, पण त्याची किंमत याच्या कितीतरी पट असते, आणि शिकण्याच्या काळात तो फरक फोटोत दिसत नाही.

"पण टीटीएल नको का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. टीटीएलमध्ये फ्लॅश आधी एक बारीक झोत मारतो, कॅमेरा भिंगातून आलेला परतीचा प्रकाश मोजतो आणि शक्ती स्वतः ठरवतो. वरात, हळद, लहान मुलांचा वाढदिवस, म्हणजे अंतर क्षणाक्षणाला बदलते अशा कामात हे वरदान आहे, आणि पैसे घेऊन लग्ने करायची असतील तर टीटी६८५ सारखा टीटीएल फ्लॅश घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन. पण घरातल्या छतावरून प्रकाश मारताना तुम्ही एक पाऊल पुढे-मागे झालात तरी प्रकाश फारसा बदलत नाही. एकदा शक्ती ठरवली की तासभर तिला हात लावावा लागत नाही. उलट टीटीएल पांढरे धोतर-उपरणे पाहून फोटो काळपट करतो आणि काळी शेरवानी पाहून चेहरा पांढराफटक, आणि असे का झाले हे नवशिक्याला कळत नाही. मॅन्युअलवर फोटो काळा आला तर शक्ती एक पायरी वाढवायची, एवढेच; चार संध्याकाळी बसल्यावर हात आपोआप जातो.

गाइड नंबरवरून फार डोके शिणवू नये. हा आकडा म्हणजे आयएसओ १०० ला मीटरमधले अंतर गुणिले भिंगाचे एफ-मूल्य, आणि कंपन्या तो फ्लॅशचे झूम, म्हणजे झोत अरुंद करण्याची सोय, शेवटच्या टोकाला नेऊन मोजतात. टीटी६०० वरचा ६० हा आकडा २०० मिलिमीटरच्या झूमला आहे. आपण बहुधा वापरतो त्या ३५ मिलिमीटरला तो चाळिशीच्या आत येतो. तो ३६ धरला, तर एफ/४ ला सरळ मारलेला प्रकाश ९ मीटर पोचतो, आणि आयएसओ ४०० केला की तेच अंतर दुप्पट होते. घरासाठी हे मुबलक आहे.

मॅन्युअल फ्लॅशची खरी मर्यादा भर दुपारी कळते. कॅमेऱ्याचा पडदा एका ठरावीक वेगापर्यंतच पूर्ण उघडा राहतो. बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत तो वेग १/२०० असतो. त्याहून वेगाने शटर नेले, की फोटोत काळा पट्टा येतो. मासुंदा तलावाच्या काठावर कडक उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० ला एफ/११ च्या आसपास थांबावे लागते, म्हणजे छिद्र बारीक राहून मागचेही स्पष्ट येते आणि पार्श्वभूमी धूसर करण्याची हौस बाजूला ठेवावी लागते. हाय स्पीड सिंक नावाची सोय यावर उतारा आहे. टीटी६०० कॅमेऱ्यावर बसवलेला असताना ती देत नाही, पण कॅमेऱ्यावर बसवायच्या वेगळ्या ट्रिगरवरून, म्हणजे फ्लॅशला रेडिओने इशारा देणाऱ्या यंत्रावरून, चालवला तर देतो.

हा ट्रिगर आजच घेऊ नका, पण रेडिओ असलेला फ्लॅश आजच घ्या, असे मी सांगतो ते याचसाठी. दोन-तीन महिन्यांनी जेव्हा प्रकाश बाजूने हवासा वाटेल, तेव्हा कॅमेऱ्यावर छोटा ट्रिगर चढवायचा आणि फ्लॅश भाच्याच्या हातात द्यायचा. पुढे दुसरा फ्लॅश घेतला, अगदी टीटीएलचा घेतला, तरी त्याच कंपनीच्या त्याच रेडिओवर पहिला कामाला येतो. ट्रिगर येईपर्यंत कॅमेऱ्याचा स्वतःचा उघडणारा फ्लॅश कमी शक्तीवर ठेवून बाहेरचा फ्लॅश एस१ किंवा एस२ या (दुसऱ्या फ्लॅशचा प्रकाश दिसताच पेटण्याच्या) पद्धतीने त्याच्या प्रकाशावरही पेटवता येतो. मधला ठिपका नसलेल्या १५००डी वाल्यांनाही ही युक्ती उपयोगी पडते.

बॅटऱ्यांचे पैसे पहिल्याच हिशेबात धरावेत, कारण लोक फ्लॅश घेतात आणि त्यात घड्याळात घालायचे सेल टाकतात. रिचार्ज होणाऱ्या निकेल मेटल हायड्राइडच्या बॅटऱ्या, एनेलूप किंवा तशा जातीच्या, आठ घ्याव्यात : चार फ्लॅशमध्ये, चार खिशात. त्यांचा दाब १.२ व्होल्ट, म्हणजे साध्या सेलपेक्षा कमी, पण त्या एका दमात जास्त प्रवाह देतात, म्हणून फ्लॅश लवकर पुन्हा तयार होतो. काम संपले की बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. आपल्या पावसाळ्यात आत राहिलेला साधा सेल पाझरला, तर पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. काकांच्या कपाटात निघालेला फिल्मच्या काळातला फ्लॅश मात्र नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर थेट लावू नये, कारण त्यांतल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे पेटवण्याच्या संपर्कावरचा विजेचा दाब, २०० व्होल्टच्या वर असतो आणि त्याने कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते.

प्लॅस्टिकची पांढरी टोपी, म्हणजे डिफ्यूझर, लोक फ्लॅशबरोबर उत्साहाने घेतात. आजूबाजूला प्रकाश परतवणाऱ्या भिंती नसतील तर ती फक्त शक्ती खाते, म्हणून तिच्याऐवजी नारिंगी जेलचा, म्हणजे फ्लॅशसमोर लावायच्या पारदर्शक रंगीत कागदाचा, तुकडा घ्यावा, जो घरातल्या पिवळ्या दिव्यांशी फ्लॅशचा रंग जुळवतो. नेरूळला फ्लेमिंगो टिपायला जाताना फ्लॅश घरीच ठेवावा. तेवढ्या अंतरावर तो पोचत नाही आणि पक्ष्यांना त्याचा जाचच होतो.

खरेदी ऑनलाइन करा किंवा फोर्टात बोरा बाजारच्या गल्लीत जाऊन करा, मला दोन्ही मान्य आहे. जुना घ्यायचा असेल तर मात्र प्रत्यक्षच जावे, आणि स्वतःचा कॅमेरा व स्वतःच्या भरलेल्या बॅटऱ्या बरोबर न्याव्यात. डोक्याच्या काचेआडची नळी काळवंडलेली नाही ना, हे आधी पाहावे, मग पूर्ण शक्तीवर ओळीने दहा-बारा फोटो काढावेत. तयार व्हायला दरवेळी जास्त वेळ लागत गेला किंवा मध्येच एखादा फोटो काळा आला, तर दुकानदार कितीही खाली उतरला तरी तो फ्लॅश तिथेच ठेवून यावा.