दुपारची बाग

बँकेत सर्व्हर बसला होता. ‘साडेतीनला या,’ म्हणाले. मे महिन्यातलं बडोदं, दुपारचे दोन. घरी जाऊन परत यायचं तर मधे एक आंघोळ करावी लागली असती. समोर एक छोटी बाग दिसली. आत दोन डेरेदार कडुनिंब, त्यांच्या खाली तीन बाक, तिन्ही रिकामे. फाटकाला मात्र कुलूप. पाटीवर वेळ : सकाळी ६ ते १०, संध्याकाळी ४ ते ९. चौकीदार आतल्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. तिथूनच म्हणाला, “बपोरे बंध छे, काका. सांजे आवजो.”

संध्याकाळी येऊन मी सावलीचं काय करू?

हे माझं जुनं दुखणं आहे. घरात विषय निघाला की बायको उठून चहा टाकायला जाते. पण बागेची खरी वेळ दुपारचीच. सकाळच्या बागेत हातवारे करणारी माणसं असतात, संध्याकाळच्या बागेत भेळ असते. दुपारी नुसती बाग असते.

आमचे आजोबा मे महिन्यात जेवण झालं की सतरंजी काखेत मारून निघत. दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर पत्रे इतके तापायचे की आजी तिथे पापड वाळवायची, आणि आम्ही त्याच पत्र्यांखाली झोपावं अशी तिची अपेक्षा. आजोबांना ती मान्य नव्हती. आम्हा नातवंडांना घेऊन ते चालत कमाटी बागेत जात. एखादं मोठं झाड बघून सतरंजी अंथरत, तोंडावर वर्तमानपत्र घेत. ते घोरू लागेपर्यंत आम्ही हलायचं नाही, एवढाच नियम. मग खारी सिंग खायची, टरफलं त्यांच्या धोतरावर रचायची. फारच ऊन झालं तर म्युझियम. तिथली ममी बघून धाकटी बहीण दर वेळी रडायची आणि दर वेळी पुन्हा चला म्हणायची. देवमाशाच्या सांगाड्यापाशी मात्र ती गप्प उभी राहायची. का, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

आजोबांना झोप येत नसे त्या दिवशी मी आजूबाजूला बघत बसायचो. हातगाडी झाडाला टेकवून खाली आडवा झालेला माणूस. परीक्षेचं पाठांतर करत येरझाऱ्या घालणारा मुलगा. सयाजी हॉस्पिटलात कुणी दाखल असलेलं कुटुंब, मधे स्टीलचा डबा, बोलणं नाही. एका पुस्तकात दोघं डोकं घातलेलं जोडपं. अशा वेळी आजोबा न सांगता कूस बदलत. संध्याकाळी येतात त्यांना परत जायला घर असतं. दुपारी येणाऱ्यांचं तसं नसतं, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

आमच्या भागातली बाग दुपारी उघडी ठेवा, असं मी एकदा बैठकीत म्हणालो. उत्तर आलं, “बाहेरचे लोक येऊन झोपतील.” जणू झोपणं हा गुन्हाच. झाड काही नुसतं ऊन अडवत नाही. पानांतून पाण्याची वाफ होते, ती भोवतालची उष्णता घेऊन जाते. ही सगळी मेहनत झाडं भर दुपारी करतात आणि त्याच वेळी आपण फाटक लावतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनेच्या मार्गदर्शिकेत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी म्हटलंय. सतरंजी अंथरून कुशीवर वळायला पुष्कळ झाली. प्रत्यक्षात टीपीच्या, म्हणजे नगररचना योजनेच्या, नकाशात सगळे प्लॉट पाडून झाल्यावर जो त्रिकोणी तुकडा उरतो, त्यात ट्रान्सफॉर्मर बसतो आणि उरलेल्यात बाग.

कमाटी बाग ११३ एकर आहे. १८७९ सालची. ‘सयाजीरावांनी बांधली’ असं आम्ही बडोदेकर छाती काढून सांगतो, पण तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण टी. माधवरावांकडे होता. पूर्ण अधिकार महाराजांना मिळाले १८८१ साली. तर ज्यानं कुणी ही जागा ठरवली, त्यानं ती विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर ठरवली. पुराचा विचार केला होता की नुसती नदीकाठची शोभा हवी होती, देव जाणे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री चढली. बागेजवळच्या काळा घोड्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. मगरी रस्त्यांवर आल्या. बागेत पाणी, प्राणिसंग्रहालयात पाणी. भावाचा पुण्याहून फोन आला, “अरे, आपली कमाटी बाग बुडाली म्हणे!”

बुडाली. त्याच आठवड्यात नदीला खेटून बांधलेल्या सोसायट्यांत लोक दुसऱ्या मजल्यावर बसून दुधाच्या होडीची वाट बघत होते.